‘स्वरापुढे’ म्हणजे कुठे? आखाजीच्या गाण्यांसाठी केलेल्या एका नियमपानाची हकिगत

अमळनेरात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांचे अहवाल, दशक्रियेच्या पत्रिका हे रोजचं काम. संध्याकाळी मी पेटी शिकायला जातो. तिथल्या सरांनी दोन वर्षांपूर्वी एक काम काढलं आणि ते टायपिंगचं असल्यामुळे माझ्याकडे आलं. आसपासच्या खेड्यांतल्या वयस्कर बायांकडून आखाजीची गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करायची आणि त्यांच्या चाली स्वरलिपीत लिहून ठेवायच्या, असं ते काम.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. अक्षय्य तृतीया म्हणजे आमची आखाजी, आणि ती इथे दिवाळीच्या तोडीची असते. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात आणि झोक्यावर गौराईची गाणी म्हणतात. या गाण्यांचे शब्द बऱ्याच जणांनी जमवून छापले आहेत. चाल मात्र म्हणणाऱ्या बाईबरोबरच जाते. ती जाऊ नये म्हणून हे काम.

साधनं

सरांची अट होती की लिखाण साध्या मजकुराच्या फाइलीत हवं. त्यामागचा विचार मला पटला. अशी फाइल कुठल्याही मोबाइलवर उघडते, व्हॉट्सअॅपवर पाठवता येते, आणि दोन जणांनी टाइप केलेली एकच ओळ शेजारी ठेवली तर फरक लगेच दिसतो. सरांचा भाचा पुण्याला संगणकाच्या कामात आहे. त्याने पायथन या संगणकभाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. आपण ‘सारे ग॒रे’ असं देवनागरीत लिहायचं, प्रोग्रॅम ते लिलीपॉन्डच्या भाषेत बदलतो आणि पाश्चात्त्य पाच रेघांवरची छापील प्रत तयार होते. त्याच फाइलीतून भातखंडे पद्धतीची, म्हणजे सा रे ग म अक्षरांत लिहायच्या आपल्या रूढ स्वरलिपीची, तालाच्या विभागांसकट मांडलेली प्रतही निघते. लिलीपॉन्ड हा १९९६ साली दोन डच संगीतकारांनी सुरू केलेला मुक्त प्रोग्रॅम आहे. त्यात माउसने स्वर ठेवावे लागत नाहीत, अक्षरांत लिहिलेल्या संगीताची कोरीव छपाई तो स्वतः करतो.

कोमल म्हणजे उतरलेल्या स्वराची आडवी रेघ आणि तीव्र म्हणजे चढ्या मध्यमाची (म) उभी रेघ टाइप कशी करायची हा प्रश्न आम्हाला पहिल्याच दिवशी पडला. उत्तर वेदांच्या छपाईत सापडलं. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात वैदिक स्वरांसाठी अनुदात्त आणि उदात्त अशी दोन चिन्हं आहेत. एक अक्षराखाली आडवी रेघ देतं, दुसरं अक्षरावर उभी. ग॒ आणि म॑. भातखंड्यांच्या कोमल-तीव्राच्या खुणा दिसायला अगदी अशाच आहेत. मला त्या दिवशी फार आनंद झाला होता.

मग मी नियमपान लिहिलं. पूर्ण नियमपान एवढंच होतं:

“कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकासाठी स्वरापुढे टिंब, तार सप्तकासाठी स्वरापुढे दोन टिंबं. एका मात्रेतले स्वर जोडून लिहावेत. विभाग दंडाने तोडावा.”

मंद्र म्हणजे खालचं सप्तक, मध्य मधलं आणि तार वरचं. चार वाक्यं. माझ्या मते स्वच्छ.

घडलं ते

टायपिंग दोघं करत होतो. एक मी, दुसरी सरांची विद्यार्थिनी. ती जळगावला इंजिनिअरिंगला आहे आणि लहानपणी पाश्चात्त्य कीबोर्ड शिकलेली आहे. बोरीकाठच्या एका खेड्यातल्या आजींचं एक गाणं तिने टाइप केलं. पहिली ओळ अशी:

सारे ग॒रे सा.नि॒ सा । रे – सा –

ती प्रत छापली आणि सर, ती मुलगी आणि मी आजींकडे गेलो. आजी ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या. सरांनी पेटी उघडली, छापील कागद बघून ओळ वाजवली. आजींचे हात थांबले. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “हाऊ मना सूर नही शे, भाऊ.”

सरांनी पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. कागदावर ओळ रे वरून थेट मंद्र षड्जावर, म्हणजे खालच्या सा वर आपटत होती, तिथून जवळजवळ दोन सप्तकं वर, मध्य सप्तकातल्या कोमल निषादावर (नि) उडी मारत होती आणि मग सा वर येत होती. आजींच्या रेकॉर्डिंगमध्ये असलं काहीच नव्हतं. त्यांचा गळा सा वरून हलकेच खालच्या निषादाला शिवून परत येतो, झोका मागे जाऊन परत यावा तसा. आमच्या कागदाने ती हालचालच मोडून टाकली होती.

परतताना गाडीत कोणीच फारसं बोललं नाही. मुलीला वाटत होतं तिची चूक झाली. मला वाटत होतं प्रोग्रॅमची. दोन्ही चुकीचं निघालं.

तपास

रात्री दुकानात तिची फाइल आणि माझी एक फाइल शेजारी लावली. मी मंद्र निषाद ‘नि॒.’ असा लिहीत होतो, ती ‘.नि॒’ असा. नियमपान दोघांनी वाचलेलं होतं आणि दोघांनी पाळलेलंही होतं.

दोष ‘पुढे’ या शब्दात होता. माझ्या दुकानात गिऱ्हाईक म्हणतं, “प्रत्येक नावापुढे श्री. लावा,” तेव्हा मी श्री. नावाच्या डावीकडे लावतो. शाळेचे गुरुजी म्हणतात, “प्रत्येक नावापुढे सहीसाठी जागा सोडा,” तेव्हा ती जागा मी उजवीकडे सोडतो. वीस वर्षांत मला कधी कोणाला विचारावं लागलं नाही, कारण श्री. कुठे असतो आणि सही कुठे असते हे आधीच माहीत असतं. दारापुढे रांगोळी म्हणजे दाराच्या समोर, आणि पुढचं पान म्हणजे नंतरचं. ‘स्वरापुढे टिंब’ वाचणाऱ्या माणसाला मात्र आधीचं काहीच माहीत नसतं. त्याने कोणतीही बाजू धरली तरी मराठी म्हणून ती बरोबरच.

प्रोग्रॅमने टिंब आधीच्या स्वराला जोडलं. भाच्याने माझं वाचन धरून तो लिहिला होता. त्यामुळे ‘सा.नि॒’ मधला सा मंद्र झाला आणि निषाद मध्य सप्तकात राहिला. चुकीची सूचना आली नाही, कारण दोन्ही वाचनं प्रोग्रॅमच्या दृष्टीने वैध होती. ‘.नि॒’ एखाद्या मात्रेत सुटा आला असता तर टिंबाआधी स्वर नाही म्हणून प्रोग्रॅम अडला असता. या गाण्यात तो सुटा कुठे आलाच नाही.

मग मी इतर फाइलीही काढल्या. त्यात आणखी एक गोष्ट दिसली, जी आजींसमोर उघडी पडली नव्हती एवढंच. तिने एका विभागात पहिल्या गंधाराखाली (ग) रेघ दिली होती आणि त्याच विभागातले पुढचे गंधार बिनरेघेचे होते. विचारलं तर म्हणाली, “काका, एकदा दिली की विभाग संपेपर्यंत चालते ना?” तिचं चूक नव्हतं. पाश्चात्त्य लेखनात स्वराला लावलेली खूण विभाग संपवणाऱ्या उभ्या रेघेपर्यंत चालते, आणि एबीसी नावाची जी दुसरी अक्षरी संगीतलिपी आहे तिच्यातही सामान्यतः तसंच. भातखंडे पद्धतीच्या पुस्तकांत प्रत्येक कोमल स्वर आपली रेघ स्वतः घेऊन येतो. लिलीपॉन्डमध्येही, गाण्याचा मेळ (कोणते स्वर कोमल-तीव्र ते) वर लिहिला असला तरी, प्रत्येक स्वराचं पूर्ण नाव लिहावंच लागतं. ‘कोमल स्वराखाली आडवी रेघ’ या माझ्या वाक्यात ती रेघ कुठवर चालते याबद्दल एक अक्षर नव्हतं.

सरांना हे सांगायला गेलो तेव्हा त्यांनी कपाटातून त्यांच्या गुरुजींची वही काढली. ती पलुस्कर पद्धतीत, म्हणजे दुसऱ्या एका स्वरलिपीत लिहिलेली. एका स्वरावर टिंब होतं. “हे काय वाचशील?” मी म्हणालो, तार. भातखंडे पद्धतीत स्वरावरचं टिंब म्हणजे तार सप्तक. सर म्हणाले, “इथे मंद्र.” पलुस्कर पद्धतीत वरचं टिंब मंद्राचं असतं आणि तारसाठी वर उभी रेघ असते. शिवाय तीच उभी रेघ भातखंड्यांच्या मध्यमावर आली की तीव्र. पलुस्कर आणि भातखंडे, एकाच काळातले दोन मोठे लोक, एकाच टिंबाचे उलटे अर्थ. दोन्ही पद्धतींत काही चुकलेलं नाही. फक्त वहीच्या पहिल्या पानावर पद्धतीचं नाव लिहिलेलं हवं. गुरुजींनी ते लिहिलं होतं. आमच्या फाइलींवर ते नव्हतं.

लिलीपॉन्डमध्ये हाच प्रश्न स्वरांच्या नावांचा येतो. त्याची मूळची स्वरनावं डच धर्तीची आहेत. जर्मन नावं निवडली तर ‘बी’ हे अक्षर कोमल स्वर दाखवतं आणि शुद्ध स्वराला ‘एच’ म्हणावं लागतं. म्हणून कोणती नावं वापरली हे फाइलीत सांगावं लागतं, आणि कोणत्या आवृत्तीसाठी लिहिलं हेही एका ओळीत लिहितात. जुन्या फाइली नव्या आवृत्तीत आणायचा वेगळा प्रोग्रॅम त्या आवृत्तीच्या ओळीवरच चालतो. मी ती ओळ आजवर शोभेची समजत होतो.

नवं नियमपान

भाचा दिवाळीला आला तेव्हा आम्ही चौघं सरांच्या माडीवर बसलो. पहिला अर्धा दिवस टिंबावरच गेला. ‘स्वराच्या उजवीकडे टिंब’ एवढी दुरुस्ती पुरेशी आहे असं भाच्याचं म्हणणं होतं. मला ते मान्य नव्हतं. नियमपान एकदा वाचून माणूस बाजूला ठेवतो आणि पुढे चिन्हाकडे बघूनच लिहितो. भातखंड्यांचं टिंब स्वराच्या बरोबर खाली असतं, ते ना डावं ना उजवं. ते ओळीत आणलं की कोणत्या बाजूचं हे विसरणं साहजिक आहे. मी स्वल्पविराम सुचवला. मराठी लिहिणारा माणूस शब्दाच्या आधी स्वल्पविराम कधीच देत नाही, त्याचा हातच तिकडे जात नाही. भाचा म्हणाला, लिलीपॉन्डमध्येही खालच्या सप्तकाला स्वल्पविराम आणि वरच्याला अवतरणासारखी छोटी उभी खूण आहे. मग काही बोलायचं उरलं नाही.

तिथेच अजून एक ठरलं. लिलीपॉन्डमध्ये सप्तक सांगायच्या दोन रीती आहेत. एकीत प्रत्येक स्वराचं सप्तक स्वतंत्र सांगायचं. दुसरीत आधीच्या स्वरापासून जो जवळचा असेल तो धरला जातो, आणि लांब जायचं असेल तरच खूण. दुसऱ्या रीतीत खुणा कमी लागतात, पण मधली ओळ उचलून दुसरीकडे ठेवली की तिचं सप्तक बदलू शकतं. आमच्या गाण्यांत कडवी पुढेमागे होतात, आजी एखादं कडवं नंतर आठवून सांगतात. आम्ही पहिली रीत घेतली.

मंद्राचा नियम आता असा आहे:

“मंद्र सप्तक. स्वराचं अक्षर, त्याची वेलांटी किंवा मात्रा आणि कोमलाची रेघ हे सगळं टाइप झाल्यावर, त्याला चिकटून स्वल्पविराम. मध्ये जागा नाही. तो त्या एकाच स्वरापुरता. सप्तकाची खूण नसलेला स्वर मध्य सप्तकातला धरला जाईल. बरोबर: सानि॒,सा – मध्य षड्ज, मंद्र कोमल निषाद, मध्य षड्ज. चूक: सा,नि॒सा – यात षड्ज मंद्र झाला.”

जुन्या चार शब्दांचे एवढे झाले. सरांना ते लांब वाटलं. मी अडून राहिलो. चिन्ह कुठे, कुठवर, आणि नसेल तर काय समजायचं, या तिन्हींची उत्तरं नसलेला नियम मी आता छापणार नाही. आणि चुकीचं उदाहरण प्रत्येक नियमाखाली हवंच. बरोबर उदाहरण वाचून माणूस मान डोलावतो, चुकीचं वाचून स्वतःची फाइल तपासायला जातो.

बाकीच्या नियमांवर फार वेळ गेला नाही. निषाद ‘नि’ असाच लिहायचा, ‘नी’ नाही, नाहीतर शोधताना अर्ध्या ओळी सापडत नाहीत. नि॒ टाइप करताना न, मग ऱ्हस्व वेलांटी, मग रेघ. क्रम उलटा झाला तर वेलांटी सुटी पडते आणि ठिपक्यांचं पोकळ वर्तुळ दिसतं. शब्दांखालच्या ओळीत लांबवलेल्या अक्षरासाठी अवग्रह, ऽ. तिथे इंग्रजी एस टाकायची सवय खूप जणांना आहे, मलाही होती. कागदावर दिसतं सारखंच.

दंडावर मात्र थांबावं लागलं, कारण दंड काय करतो हेच आम्ही कधी ठरवलं नव्हतं. लिलीपॉन्डमध्ये उभी रेघ टाइप केली तर छापील रेघ तिच्यामुळे येत नाही, ती तालाच्या हिशेबाने आपोआप येते. टाइप केलेली रेघ फक्त तपासणीसाठी असते. स्वर कमी-जास्त झाले असतील तर प्रोग्रॅम तिथे इशारा देतो. आमचा दंडही आम्ही तसाच ठरवला. केरवा असेल तर दोन दंडांमध्ये चार मात्रा भरल्याच पाहिजेत. नाही भरल्या तर ओळीचा क्रमांक येतो. या एका निर्णयाने माझ्याच दोन जुन्या फाइलींतल्या चुका सापडल्या.

प्रोग्रॅमने काय चालवून घ्यावं हा वादही झाला. मोबाइल सरळ अवतरणखूण आपोआप वाकडी करतो, दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ करतो, कोणी दंडाऐवजी इंग्रजी उभी रेघ देतो. यातून अर्थ एकच निघतो, तेव्हा प्रोग्रॅमने ते सगळं मुकाट्याने घ्यावं. पण स्वराच्या आधी किंवा नंतर टिंब दिसलं तर त्याने अंदाज न बांधता तिथेच थांबावं. जुनी सवय असलेला माणूस टिंब टाकणारच, आणि त्याचे दोन अर्थ आम्ही स्वतः करून ठेवले होते.

झोक्याची काही गाणी तालात बसतच नाहीत. आजी एक ओळ म्हणतात, झोका जेवढा जाईल तेवढा सूर धरतात, मग दुसरी. पहिल्या नियमपानात विभाग सक्तीचा होता, म्हणून अशा दोन गाण्यांना मी जबरदस्तीने आठ मात्रांत कोंबलं होतं. तो दोष टिंबापेक्षा मोठा होता असं मला आज वाटतं, कारण टिंब निदान पेटीवर वाजवताना कानाला खटकलं. आता फाइलीच्या माथ्यावर ‘ताल: नाही’ असं लिहिता येतं, आणि मग दंडाची तपासणी बंद होते. कोमल आणि शुद्ध यांच्या मधला गंधार तीन आजींकडे ऐकला आहे. पेटीवर तो वाजत नाही. त्याला चिन्ह करायचं नाही असं सरांनी सांगितलं. जवळचा स्वर लिहायचा आणि खाली टीपेच्या ओळीत शब्दांत नोंद करायची, ‘गंधार थोडा चढा’.

चाचणी

लिलीपॉन्डच्या माहितीपुस्तकाची एक रीत आम्ही उचलली. त्यातली संगीताची उदाहरणं हाताने चिकटवलेली चित्रं नसतात. पुस्तक तयार होताना तीच उदाहरणं प्रोग्रॅममधून जातात आणि चित्र त्यातून निघतं. भाच्याने आमचं नियमपानही तसं केलं. पानावरची प्रत्येक ‘बरोबर’ ओळ प्रोग्रॅममधून जाऊन अपेक्षित स्वर देते का, हे दर वेळी तपासलं जातं.

मग ते पान दोन नवख्यांना दिलं. एक नववीतला मुलगा, दुसऱ्या भजनी मंडळातल्या एक ताई. रेकॉर्डिंग ऐकून सरांनी हाताने लिहिलेल्या त्याच चार ओळी दोघांना वेगवेगळं बसवून टाइप करायला सांगितल्या. मी जवळ होतो, पण विचारलं तरी काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. ताईंनी दोनदा विचारलं. गप्प बसणं अवघड गेलं. सप्तक आणि कोमल दोघांचे तंतोतंत जुळले. फरक आला लांबवणीच्या रेघेत. मुलाने ‘सा–रे’ लिहिलं, ताईंनी ‘सा – रे’. पहिल्यात एकाच मात्रेचे तीन भाग, दोन षड्जाला आणि एक ऋषभाला. दुसऱ्यात तीन मात्रा. जोडून लिहिलेलं एका मात्रेत हा नियम स्वरांसाठी सांगितला होता, रेघेसाठी सांगितला नव्हता. पानात एक ओळ आणि एक चुकीचं उदाहरण वाढलं. माथ्यावर आवृत्ती २ ची ३ झाली.

जुन्या १९ गाण्यांच्या फाइली मी आणि त्या मुलीने रेकॉर्डिंग लावून एकेक ओळ तपासत बदलल्या. कोणी टाइप केलं हे माहीत असल्याने बहुतेक टिंबांचा अर्थ कळत होता, पण चार फाइलींत दोघांचेही हात होते. तिथे कानाशिवाय इलाज नव्हता.

श्रावणात कानबाईच्या सणाआधी आम्ही पुन्हा आजींकडे गेलो. सरांनी नवा कागद ठेवून पहिली ओळ वाजवली. आजी ऐकत राहिल्या आणि पेटीबरोबर गुणगुणायला लागल्या. दुसऱ्या ओळीला मात्र त्या रेकॉर्डिंगमधल्यापेक्षा वेगळ्या गेल्या, षड्जावर न थांबता पंचमावर जाऊन उतरल्या. सरांनी हात थांबवून विचारलं, “आजी, यातली खरी कोणती?”

“दोन्ही शेतस,” आजी म्हणाल्या.

पाठभेदाला आमच्याकडे चिन्ह नव्हतं. त्या मुलीने तिथेच ओट्यावर बसून मोबाइलवर दोन्ही ओळी टाइप केल्या, एकीच्या आधी ‘अ’, दुसरीच्या आधी ‘आ’, आणि मला विचारलं, “काका, नियमपानात हे कसं लिहायचं?” आवृत्ती ४ चं काम तिच्याकडेच दिलं आहे.